टोकाचा धागा

आमच्या घराचा दोर तुटला, असं या गावात कुणी म्हणत नाही. झिजला म्हणा, कुजला म्हणा, उंदरानं कुरतडला म्हणा, चोरीला गेला म्हणा, मी ऐकून घेईन. तुटला म्हणायचं नाही. सासऱ्यांच्या वडिलांपासून आमच्याकडे घायपाताचा वाख वळतात, आणि प्रत्येक दोराच्या टोकाच्या दोन हातांत, पेडांच्या आत, एक निळा धागा असतो. बाहेरून दिसत नाही. टोक उसवलं की दिसतो. तो दिसला की गिऱ्हाईक दोर खांद्यावर टाकतं आणि चालायला लागतं.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि उन्हाळा लागायच्या आत ह्यांचा खांदा निखळला. गाडीवरून वाखाचे भारे उतरवत होते, भाऱ्याबरोबर हेही उतरले. दवाखान्यात खांदा बसवला, हात गळ्यात बांधला आणि डॉक्टरनं बजावलं, तीन महिने ओढाताण बंद. हे मान डोलावून घरी आले आणि अंगणातल्या बाजेवर बसून भिंतीकडे बघत राहिले.

दोर एकट्या माणसाला वळता येत नाही. एकानं चाक फिरवायचं आणि दुसऱ्यानं कमरेला वाख गुंडाळून, चिमटीतून तो सोडत सोडत मागे मागे जायचं. चाकाशी मी आणि टोकाला हे, अशी आमची तीस वर्षं गेली. नवराबायकोचं बोलणं चाळीस हातांवरून व्हायचं, त्यामुळे दोघांचेही आवाज मोठे. नवीन माणसाला वाटतं भांडण चाललंय. मूलबाळ झालं नाही. तेव्हा टोकाला उभं राहायला तिसरं कुणी नव्हतं, आणि चाक गप्प झालं.

शाळेच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत शाळेतल्या बाई धान्य जमवतात. ज्याच्याकडे असेल त्यानं द्यायचं, ज्याची ओढाताण असेल त्यानं न्यायचं. दर वर्षी आमच्या घरचं एक पोतं तिथे जायचं आणि ते मी स्वतः पोचवायचे, भर दुपारी, रस्त्याच्या मधून. आता डब्यात पिठाचा तळ दिसायला लागला तरी त्या खोलीकडे माझं पाऊल वळेना. हे एकदा म्हणाले, "जाऊन ये." मी म्हटलं, "देणाऱ्यांच्या रांगेत मला सगळ्यांनी बघितलंय. घेणाऱ्यांच्या रांगेत नाही बघायचं." ते पुन्हा भिंतीकडे बघायला लागले.

मग एका सकाळी बाईच आल्या. मागे हातगाडीवर पोतं, आणि हातगाडी ढकलणारी एक पोरगी. सतरा-अठराची असेल. अंगात पिवळा सदरा, कुणा धिप्पाड माणसाचा असावा तसा ढगळ. तिला मी ओळखत होते. गाव तिला शेडवाली म्हणत असे. बापानं दुसरं घर मांडलं, मामीनं बाहेर काढलं, आणि दोन महिने ती बाजाराच्या शेडमध्ये, भाजीच्या रिकाम्या ओट्याखाली झोपत होती.

"वहिनी," बाई म्हणाल्या, "हिला छप्पर हवंय, आणि तुम्हाला टोकाला माणूस हवंय."

"आणि हे पोतं?"

"हिच्या वाटणीचं. आम्ही ज्या घरात मूल ठेवतो, त्या घरी पोतं जातं. नियमच आहे."

"ही काडी एवढं खाते?"

"वाढीचं वय आहे," बाई म्हणाल्या, आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही. गावातली निम्मी पोरं त्यांनी पाटीवर हात धरून शिकवली आहेत, त्या मला ओळखून होत्या.

मी पोतं मागच्या दारानं घ्यायला लावलं. पोरीनं ते एकटीनं उचललं. त्या पोत्यावर आम्ही तिघं जेवणार हे मला कळत होतं, बाईंना कळत होतं आणि पोरीलाही कळलं, कारण पहिल्या दिवशी ताटावर बसल्यावर तिनं निम्मं बाजूला सारलं आणि म्हणाली, "मला एवढं लागत नाही." मी ते तिच्यापुढे परत ढकललं. लाज वाटली, ती गिळली.

ती दारापाशी झोपायची, चपला उशाखाली घेऊन. मी म्हटलं, "इथे तुझ्या चपला कोण नेणार आहे?" ती म्हणाली, "सवय आहे, काकू."

कामाला लावली तेव्हा पहिले चार दिवस हसू आणि रडू दोन्ही आलं. मी चाक फिरवलं की पीळ भरायचा आणि दोर तिलाच माझ्याकडे ओढत आणायचा. टाचा मातीत रोवून ती घसरत यायची, अंगणात दोन रेघा उमटायच्या. बाजेवरून हे ओरडायचे, "मागे रेल. हातानं नको, पाठीनं धर." तिसऱ्या दिवशी तिच्या मुठी मिटलेल्या दिसल्या. हात दाखव म्हटलं तर पाठीमागे घेतले. जबरदस्तीनं उघडले, तर तळवे सोलून निघालेले. तेल लावून चिंधी बांधली. ती म्हणाली, "उद्या येते ना मी कामाला?" मी विचारलं, "नाहीतर कुठे जाणार आहेस?" मला म्हणायचं होतं, इथेच राहा. पण माझ्या जिभेला सरळ जायची सवय नाही, आणि पोरीनं ते टोमण्यासारखं ऐकलं, हे तिच्या मानेवरून दिसलं.

दहाव्या दिवशी अंगणातल्या रेघा बंद झाल्या. ती रेलून उभी राहायची आणि दोर तिला हलवू शकायचा नाही. हे तिला 'टोक' म्हणायला लागले. "टोक, पाणी आण. टोक, पीळ जास्त होतोय, तुझ्या काकूला सांग." मला ते आवडलं नव्हतं, कारण आधी तिथे हे उभे असायचे. पण खरं सांगायचं तर चाक पुन्हा बोलायला लागलं होतं आणि माझा अर्धा घोर गेला होता.

एक दिवस मी वाख विंचरत होते. घाई होती. ती शेजारी बसून निळ्या धाग्याची गुंडी बोटांत फिरवत होती.

"काकू, हा धागा कुणाचा?"

"आमचा."

"म्हणजे काकांचा की तुमचा?"

"जो वळतो त्याचा. डोकं खाऊ नको, त्या पेंढ्या इकडे सरकव."

तिनं पेंढ्या सरकवल्या. मी ते विसरूनही गेले.

विहिरीचा प्रश्न मग आला. गावाची मोठी विहीर साठ हात खोल, आणि पाणी पार तळाला गेलेलं. गाळ काढला तर झरे मोकळे होणार होते. गाळ काढणारा ठरला. तो वयस्क माणूस होता, पन्नास विहिरींच्या तळाला जाऊन आलेला, आणि गाव त्याला गाळवालाच म्हणायचं. त्याला खाली सोडायला नवा दोर हवा होता. मी दुकानात मीठ घ्यायला गेले होते, पोरगी बरोबर होती, आणि दुकानदार चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "शहरातून प्लॅस्टिकचा आणू. ह्यांच्याकडे आता घरचं कोण उरलंय? चाकाशी बाई, टोकाला शेडवाली. बादली सोडायची नाही, माणूस सोडायचाय."

पोरीनं मान खाली घातली. माझ्या कानांतून धूर निघायचा बाकी राहिला.

"आठ दिवसांत दोर देते," मी म्हटलं. "आधी बघा, मग शहरात जा."

"आणि नाही पसंत पडला तर?"

"तर माझ्या दारातलं चाक काढून तुमच्या दुकानापुढे ठेवते. त्यावर मिरच्या वाळवा."

बोलून गेले आणि घरी येईपर्यंत हिशोब कळला. दोर परत आला, तर पुढे गोठ्याचं दावं वळायलाही आम्हाला कुणी बोलावणार नव्हतं. चाक थांबलं की पोरीच्या राहण्याला कारण उरत नव्हतं, आणि हे तिलाही उमगलं होतं. त्या संध्याकाळी तिनं चपला धुऊन, पुसून उशाखाली घेतल्या.

साठ हात विहीर, वरून ओढायला वीस हात, म्हणजे ऐंशी हातांचा दोर. वळताना तिसरा हिस्सा आखडतो, तेव्हा एकशेवीस हातांचे पेड हवेत. आमचं अंगण चाळीस हातांचं. म्हणून आम्ही रस्त्यावर आलो. चाक दारात ठेवलं आणि पोरगी मागे मागे जात पार शाळेच्या कुंपणापर्यंत पोचली. सायकलवाले उतरून, दोर ओलांडून जायचे. ऊन डोक्यावर, घशाला कोरड, कमरेला गुंडाळलेल्या वाखानं अंगाला खाज. सहा दिवस तिनं तो रस्ता उलटा चालून काढला. गावानं तिला आत्तापर्यंत ओट्याखाली झोपलेली बघितली होती. आता भर रस्त्यात, पाठ ताठ करून, एक एक पाऊल मोजून टाकताना बघत होतं. मला कुणाला सांगायची गरज नव्हती. मी चाक फिरवत होते आणि माझी छाती विनाकारण वर येत होती.

त्याच दिवसांत तिची एक बाही फाटलेली दिसली, कोपरापासून गायबच.

"बाहीला काय झालं?"

"चाकात अडकली, काकू."

"बघून काम करावं," मी म्हटलं. ती चाकापासून शंभर हात लांब असते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

सातव्या दिवशी तीन पेड एकत्र वळायचे होते. टोकाला लाकडी फळीवर दगड ठेवतात, दोर आखडेल तशी फळी पुढे घसरत येते. दगड कमी पडले तर दोर सैल, जास्त झाले तर पेड तडतडायला लागतात. दगड काढणं-घालणं टोकावरच्या माणसानं कानानं ओळखायचं असतं. बाईंनी शाळेतली मोठी मुलं पाठवली. दर दहा हातांवर एक जण दोन फाट्यांची, दुबेळक्याची काठी घेऊन उभा राहिला, पेड मातीला लागू नयेत म्हणून. हे गळ्यातला हात सांभाळत टोकापाशी जाऊन बसले. शेवटच्या दोन हातांत धागा घालायचं काम टोकाचंच. ते पोरीनं केलं. मला चाकापाशी काही दिसलं नाही. नुसती हाक ऐकू आली, "काकू, झालं, थांबवा." आवाज माझ्या आवाजाइतकाच मोठा झाला होता.

आठव्या दिवशी सकाळी दोर विहिरीवर नेला. पोरीनं आणि मी, दोघींनी वेटोळं खांद्यावर घेऊन. सगळं गाव जमलं होतं. गाळवाल्यानं मला नमस्कार केला, खाली बसला आणि नेहमीप्रमाणे टोक वीतभर उसवलं. मग त्याचा हात थांबला.

"वहिनी, तुमचा एक धागा असतो."

"एकच असतो."

"इथे दोन आहेत."

मी वाकून बघितलं. निळ्याला चिकटून एक पिवळा. जागोजागी गाठी मारून लांबवलेला.

दुकानदार तर वाटच बघत होता. "दोन रंग म्हणजे दोन घरं. अर्धा ह्यांचा, अर्धा बाजारातला, मध्ये कुठेतरी जोड. जमलं नाही तसं सांगायचं होतं."

लोक कुजबुजायला लागले. मी पोरीकडे बघितलं. ती एक हात, बाही नसलेला, दुसऱ्या हातानं झाकून उभी होती.

"मी घातला," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात काकू, जो वळतो त्याचा."

खरं सांगते, मला आधी रागच आला. इतकी वर्षं त्या टोकात एकच रंग गेला. मी या घरात येऊन तीस वर्षं झाली, मी कधी माझा धागा घातला नाही. घालावा असं मनातसुद्धा आलं नाही. आणि ही दीड महिन्याची पोर. त्या रागात काहीतरी माझ्या तोंडून जाणारच होतं, तेवढ्यात हे बोलले.

"मी शेजारीच बसलो होतो. घालताना बघितलं."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"चूक असती तर बोललो असतो."

एवढंच. ह्यांचं बोलणं तसं कमीच असतं. पण मला ती पोर एकशेवीस हात उलटी चालताना दिसली, आणि सोललेले तळवेही. राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

मी गाळवाल्याला म्हटलं, "दोन माणसांनी वळलाय, म्हणून दोन धागे आहेत. जोड असेल तर तुमच्या हाताला लागेल. हात फिरवा, ऐंशीच्या ऐंशी हात. आम्ही थांबतो."

त्यानं फिरवला. डोळे मिटून, अंगठा आणि दोन बोटं यांमधून, वीत वीत करत. वेटोळं एका बाजूचं दुसऱ्या बाजूला झालं तेव्हा त्यानं डोळे उघडले.

"जोड नाही," तो म्हणाला. "एकसारखा पीळ आहे. बसणार कोण?"

आमच्या घराची रीत आहे. माणूस सोडायचा दोर असेल, तर वळणारा आधी त्यावर बसतो. मी पदर खोचून पुढे झाले. मागून आवाज आला, "मीपण वळलाय."

दुकानदार म्हणाला, "त्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर? कोण निस्तरणार? कुणाची आहे ती?"

"आमची," मी म्हटलं.

"तुमची कोण लागते?"

"आमच्या दोराच्या टोकाला घरचंच माणूस असतं, हे तुमच्या आजोबांनाही माहीत होतं. ही टोकाला आहे. आणखी काय लागायला हवं?"

मग गाळवाल्याकडे वळून म्हटलं, "दोघी एकदम बसतो. तुम्ही एकटेच उतरणार. माझ्यात तुमच्यासारखे दीड बसतात, त्यात ही. म्हणजे हिशोब पुरता होईल."

लोक हसले. हसू आलं की माणसं दोराला हात लावायला पुढे येतात. दहा-बारा जणांनी दोर धरला, कप्पीवरून घेतला. आम्ही फळीवर पाठीला पाठ लावून बसलो आणि त्यांनी आम्हाला कठड्याच्या आत सोडलं.

विहिरीत गार होतं. दगडांना ओल्या मातीचा वास. दोर नवा होता, करकरत होता, आणि वरचं आभाळ ताटाएवढं होत गेलं, मग वाटीएवढं. कठड्यावरून बाईंचं डोकं डोकावत होतं. मी दोर दोन्ही हातांनी आवळून धरला होता, ते तिला पाठीतून कळत असणार.

"काकू," ती म्हणाली, "वर गेल्यावर मी शेडमध्ये जाऊ का? तुम्हाला बोल लागला माझ्यामुळे."

"आधी वर तर जाऊ दे. भीती वाटतेय का?"

"नाही."

"मला वाटतेय."

"कशाला?" ती म्हणाली. "दोर आपला आहे."

मी तिला म्हटलं होतं, धागा आमचा. दीड महिना ती 'तुमचं चाक', 'तुमचा वाख' म्हणत आली होती. साठ हात खाली, अंधारात, पाय टेकायला जागा नसताना ती 'आपला' म्हणाली, आणि मला रडू आलं. पाठीला पाठ होती ते बरं झालं.

"शेडचं नाव काढलंस तर इथेच ठेवून जाईन," मी म्हटलं. या वेळी तिला ते बरोबर ऐकू गेलं. तिची पाठ हसताना हलली.

आम्हाला वर ओढलं, तेव्हा आधी तिची मान वर आली, मग माझी. दुकानदारानं कठड्यावरून उतरताना मला हात दिला. मी घेतला. उगाच कशाला माणसाला हात पुढे करून तसंच उभं ठेवायचं.

मग गाळवाला उतरला. सबंध सकाळ टोपल्या वर येत राहिल्या, काळ्या मऊ गाळाच्या. दोराला माझ्या पुढे पोरगी होती, माझ्या मागे बाई. ओढता ओढता मी मागे न बघता म्हटलं, "बाई, पुढचं पोतं आणाल ना, तर पुढच्या दारानं आणा. आणि यंदा घेतोय तेवढं पुढल्या साली या दोराच्या जिवावर परत येईल."

"घाई नाही," बाई म्हणाल्या. "ओढा."

दुपार कलताना गाळवाला वर आला. गुडघ्यापर्यंत काळा, आणि कमरेपर्यंत ओला. कमरेपर्यंत ओला हे सगळ्यांनी आधी बघितलं. त्यानं ओंजळभर पाणी तोंडावर मारलं, मग दोराचं उसवलेलं टोक मांडीवर घेतलं. निळा आत दडपला. पिवळा आत दडपला. त्याच्या गाठी अंगठ्यानं सारख्या केल्या आणि वरून घट्ट बांधून टाकलं.

"वहिनी," तो म्हणाला, "पुढच्या दोरात पिवळा जरा जाड घाला. माझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही."

पोरीनं आपल्या उरलेल्या बाहीकडे बघितलं. "अजून एक आहे," ती म्हणाली.

"तिला हात लावायचा नाही," मी म्हटलं. "पिवळा रंग आपण आणू."